यंत्राच्या पोटातला मापारी

आमच्या चिंताकी-औराद भागात पूर्वी खळ्यावर रास पडली की मापारी बसायचा. पहिले माप टाकताना तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन, चार. रास मोजायला किती वेळ लागला, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. मापे किती झाली, एवढाच त्याचा प्रश्न. संगणकाच्या पोटातही असाच एक मापारी बसलेला असतो, हे मला अलीकडेच कळले. मी मराठीचा एम. ए.; या विषयात माझी गती बेताची. तरीही जे पाहिले आणि समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

निमित्त शाळेचेच होते. मुलांचे गुण भरून निकालपत्रके काढणारा एक प्रोग्राम आम्ही काही वर्षांपूर्वी बाहेरून करून घेतला होता. एक आकडा दुरुस्त करायचा म्हटले तरी तो सगळे गुण पुन्हा जतन करी, आणि त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागत. निकालाच्या दिवशी अशा पन्नास दुरुस्त्या निघतात. आमचे लिपिक हात जोडून बसत. शेवटी व्यवस्थापन समितीत ठरले की संगणक जुने झाले, नवे घ्यावेत. त्यासाठी पालकांकडून वर्गणी काढावी. त्या साली उडदाचे पीक पावसाने गेले होते. वर्गणी कोणाकडून मागायची, हे मला चांगलेच ठाऊक होते.

बेंगळुरूला नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीला गावी आला होता. तो म्हणाला, "सर, घ्यायच्या आधी मोजून तर पाहू." आमच्या संगणकांवर लिनक्स आहे. त्याने काळी खिडकी उघडली, 'पर्फ स्टॅट' असे दोन शब्द टाइप केले, पुढे आमच्या प्रोग्रामचे नाव लिहिले आणि कळ दाबली. चित्र नाही, माउस नाही. प्रोग्राम नेहमीसारखा रखडत चालला, संपला आणि खाली दहा-बारा ओळींचा हिशेब उमटला.

हा हिशेब येतो कुठून? प्रोसेसरमध्ये अगदी थोडे काउंटर बसवलेले असतात. घड्याळाचा ठोका पडला, एक सूचना पुरी झाली, जवळच्या साठ्यात हवी ती वस्तू सापडली नाही, अशा प्रत्येक घटनेला काउंटर एकाने पुढे सरकतो. १९९३ साली इंटेलचा पेंटियम आला, त्यात असे दोन काउंटर होते. पण त्यांची माहिती कंपनी गुप्ततेचा करार करणाऱ्यांनाच देई. तेर्ये माथिसेन या नॉर्वेच्या प्रोग्रामरने खटपट करून ती शोधून काढली आणि जुलै १९९४ च्या 'बाइट' मासिकात छापली. पुढे २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच ही सोय आली आणि 'पर्फ' ही आज्ञा कोणालाही फुकट मिळू लागली. विद्या कुलुपात फार दिवस राहत नाही, हे बघून मास्तर माणसाला बरे वाटते.

आता आमचा हिशेब. सेकंदाला तीनशे कोटी ठोके देणारा प्रोसेसर दोन मिनिटे राबला, तर छत्तीस हजार कोटी ठोके व्हायला हवेत. आमच्या प्रोग्रामच्या नावावर लागले होते जेमतेम हजार-बाराशे कोटी. म्हणजे चार सेकंदांचे काम, बाकी सारा वेळ वाट पाहण्यात! समितीचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मग हे मशीन इतका वेळ बसून काय करत होतं?"

ते डिस्कची वाट पाहत होते. १८० मुले, सहा विषय, वर्षाच्या सहा चाचण्या. म्हणजे सहा हजारांवर गुण. प्रोग्राम प्रत्येक गुण वेगवेगळा जतन करी आणि तो तबकडीवर पक्का उमटेपर्यंत थांबे. जुनी तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका गुणापायी दोन फेरे गेले, तर सेकंदाला साठच गुण होतात. नवा, महागडा प्रोसेसर आणला असता तर तोही तितक्याच ऐटीत वाट पाहत बसला असता. त्या मुलाने सगळे गुण एकदम जतन होतील असा बदल केला, आणि काम काही सेकंदांवर आले. वर्गणी रद्द झाली.

मला मात्र चैन पडेना. मी विचारले, "प्रोसेसर सतत कामात आहे आणि तरीही काम संथ आहे, असं होतं का रे?" त्याने आपल्या लॅपटॉपवर दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभ असा दहा कोटी आकड्यांचा तक्ता केला आणि त्याची बेरीज दोन प्रकारे करवली. एकदा आडवी, ओळीमागून ओळ. एकदा उभी, स्तंभामागून स्तंभ. उत्तर एकच. सूचनांचा आकडाही जवळजवळ तोच. वेळ मात्र उभ्या बेरजेला कितीतरी पट जास्त!

कारण असे. मुख्य स्मृतीतून प्रोसेसर एकेक आकडा आणत नाही. ६४ बाइटांची जुडी आणतो, तीत असे सोळा आकडे मावतात. ती तो जवळच्या छोट्या साठ्यात ठेवतो. तिथून वस्तू घ्यायला चार-पाच ठोके लागतात, मुख्य स्मृतीपर्यंत जायचे तर दोनशेच्या घरात. स्मृतीत हा तक्ता ओळीने मांडलेला होता. आडवे वाचले की एका खेपेत सोळा आकड्यांचे काम होते. उभे वाचले की प्रत्येक आकड्याला नवी खेप, आणि जुडीतले उरलेले पंधरा न वापरताच टाकायचे. मनगटावरच्या घड्याळाला यातले काही दिसत नाही. 'साठ्यात न सापडलेले' मोजणारा काउंटर ते नेमके दाखवतो.

काउंटर थोडेच असल्यामुळे एका वेळी फार प्रश्न विचारले तर पर्फ त्यांना आळीपाळीने बसवते आणि राहिलेल्या वेळाचा अंदाज बांधते. पण प्रामाणिकपणा असा, की प्रत्यक्ष किती टक्के वेळ मोजले तेही शेजारी छापते. एकाच मोजणीवर विसंबू नये म्हणून तोच प्रोग्राम पाच-दहा वेळा चालवून सरासरी देण्याचीही सोय आहे. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा मी कॉलेजात होतो. वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला होता. तेव्हा वाटे, वेग म्हणजे नुसता यंत्राचा दांडगेपणा. खेपा वाचवणे हाही वेगच, हे आता उमगते आहे.

हे सगळे इथे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. नववीतला एक मुलगा. घरी मराठी, शाळेचे माध्यम कन्नड. गणिताचे शिक्षक म्हणत, "सर, पोरगा फार संथ आहे, पेपर अर्धाच राहतो." वडील त्याला सीमेपलीकडे देगलूरच्या मराठी शाळेत घालायच्या विचारात, म्हणजे घर सोडून राहणे, खर्च, सगळेच आले. मी त्याला तीन कागद दिले. पहिल्यावर नुसत्या आकड्यांची उदाहरणे, दुसऱ्यावर तशाच प्रकारची शाब्दिक उदाहरणे मराठीत, तिसऱ्यावर कन्नडात. पहिला कागद त्याने वर्गातल्या पहिल्या पाचांत दिला. मराठीचा थोड्या उशिराने पुरा केला. कन्नडाचा अर्धाच झाला.

त्याच्या कन्नड कागदावर मी बोट ठेवून विचारत गेलो. 'बड्डी' म्हणजे व्याज, 'असलु' म्हणजे मुद्दल, हे त्याला येत होते, पण दर वेळी आठवावे लागत होते. 'लाभ' दोन्ही भाषांत एकच, तिथे तो अडला नाही. 'नष्ट'ला मात्र अडखळला. आपल्या मराठीत नष्ट झालेला माल उरतच नाही. कन्नडात तो नुसता तोटा. दुकानदाराचा माल नष्ट झाला तर मग त्याने विकले काय, असा त्याचा प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता! गणित त्याचे पक्के आहे. वेळ जातो तो शब्दांच्या खेपांत.

अर्थात मुलाच्या डोक्यात काउंटर नसतात. एका मुलाची एका दुपारची मोजणी पुरेशी नाही. भीतीचा भाग किती, वाचनाचा किती, हे मला अजून वेगळे काढता आलेले नाही. वडिलांना मी सहामाहीपर्यंत थांबायला सांगितले आहे. तोवर गणिताच्या शिक्षकांनी दोन्ही भाषांतल्या शब्दांची एक यादी फळ्याशेजारी लावली आहे, आणि पुढच्या चाचणीला मराठी घरांतल्या सगळ्याच मुलांना आम्ही हे तिन्ही कागद देणार आहोत.