तांबू

तांबूला आजोबांनी माळेगावच्या यात्रेत घेतलं. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं सगळं तिथं मिळतं. पण आजोबा थेट लाल कंधारी जनावरांकडं गेले. कालवडीचा जबडा उघडून पाहिला, अजून दुधाचेच दात. रंग भाजल्या विटेसारखा. आमच्या हदगावला टेम्पोतून उतरवली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "दूध किती देईल?" आजोबा म्हणाले, "दोन-तीन लिटर. पण उन्हाळ्यात कोरड्या कडब्यावर उभी राहीन. तुमची जर्सी राहती का?"

आणली आजोबांनी, पण ती झाली आजीची. रोज सकाळी धारेआधी आजीची एक फेरी असायची. नाकपुडी ओली आहे का, शेण घट्ट की पातळ, रात्रीची वैरण गव्हाणीत किती उरली, आणि बसल्या जागी रवंथ चाललंय का. शेवटी ती डाव्या भकाळीवर मूठ दाबून थोडा वेळ उभी राहायची. गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा डाव्या बाजूला असतो आणि निरोगी गाईत तो मिनिटाला एक-दोन वेळा हलतो. आजीला कप्प्याचं नाव ठाऊक नव्हतं. मुठीखालची हालचाल मंदावली की मात्र ती लगेच म्हणायची, "आज काईतरी बिघडलंय हिचं." पुढं दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही पहिला हात तिथंच ठेवला. मग थर्मामीटर लावलं. गाईचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. हात लावून ‘अंग गरम लागतंय’ म्हणण्यात अर्थ नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तांबू पहिल्यांदा व्याली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी बजावलं, जार पडल्याशिवाय वासराला पिऊ देऊ नका. आजीनं ऐकलं नाही. वासरू धडपडत उभं राहिलं की तिनं त्याला कासेला लावलं. तिचं बरोबर होतं. गाईची रोगाशी लढायची ताकद वासराला गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि वासराचं आतडं ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेतं. पहिल्या तासा-दोन तासांतला चीक म्हणूनच सगळ्यात मोलाचा. जार लोंबकळत होता तेव्हा कुणी त्याला दगड बांधायला निघालं, तर आजीनं दगड उचलून अंगणाबाहेर टाकला. बारा तासांत जार पडला नाही तर डॉक्टर बोलवायचा, ओढायचा नाही.

2015 चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच हे दुष्काळाचं वर्ष. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकायला लागली होती. तांबू दावं तोडून त्या रानात शिरली. चुलत्यानं तिला ओढून आणली, तोवर ती थरथरायला लागली होती. तोंडाला फेस, श्वास जोरजोरात, पाय लटपटत. किराळ लागली होती. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या आणि कापणीनंतर फुटव्यानं आलेल्या ज्वारीत, एक द्रव्य असतं. पोटात त्याचं सायनाइड हे विष होतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही.

लोक जमले. कुणी ताक आणलं, कुणी गुळाचं पाणी, कुणी डागायला विळा तापवायला निघालं. आजी गाईच्या तोंडासमोर उभी राहिली. "थेंब घालायचा नाही कुणी. धाप लागलेल्या जनावराला पाजलं तर ते पोटात नाही, फुफ्फुसात जातंय." चुलत्याला तिनं फोन करायला लावला आणि शब्द सांगून दिले: कोवळी ज्वारी खाल्ली, आत्ताच खाल्ली, फेस यायलाय. डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं घेऊनच आले, शिरेतून दिली. संध्याकाळी तांबूनं कान हलवले. जाताना डॉक्टर म्हणाले, "नुसतं ‘गाय पडली’ म्हणाला असतात, तर मी दुसरीच पेटी घेऊन आलो असतो."

2022 ला जनावरांत लंपी रोगाची साथ आली. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला पथकं फिरायला लागली. तांबू तेव्हा म्हातारी होती; लस टोचूनही मानेवर चार-दोन गाठी उठल्या. आजीनं तिला वेगळ्या छपराखाली बांधलं. चारा-पाणी आधी धडधाकट जनावरांचं, तांबूचं सगळ्यात शेवटी, मग हात धुवायचे. गोठ्यात संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, कारण हा रोग माश्या, डास, गोचीड पसरवतात. गल्लीत लोक दूध ओतून द्यायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी येऊन समजावलं, की लंपी माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या.

त्यातून ती वाचली. मग दात झिजले, कडबा चावेना. आजी कुट्टी भिजवून घालायची. एका हिवाळ्यात ती बसली ती उठली नाही. शेतात खोल खड्डा घेऊन, चुना-मीठ घालून तिला पुरलं.

आता माझा चुलत भाऊ नांदेडला फ्लॅटमध्ये कुत्रा पाळतो. परवा त्याचा फोन आला. कुत्रा खाईना गेलाय, ताप वाटतोय, घरातली पॅरासिटामॉल देऊ का? आजीनं फोन ओढून घेतला. "गोळी खाली ठेव. पाणी पितंय का? शी कशी केली? काल बाहेर काय खाल्लं? हे मला सांगू नको, डॉक्टरला सांग." ही गोळी कुत्र्याच्या यकृताला घातक ठरू शकते आणि मांजराचा तर जीवच घेऊ शकते, हे आजीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिनं आयुष्यात कुत्रा पाळला नाही. फोन ठेवून ती मला म्हणाली, "शिकलेलं पोरगं, पण जनावराकडं बघायच्या आधी डबीत हात घालतंय."