पाऊस, मिरची आणि तीन नियम

गेले तीन वीकेंड एकच कथा लिहितोय. आमच्या भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावरची. (सातरा म्हणजे लाल मिरची वाळत घालायची मोकळी जागा. बाया तिथं बसून देठ खुडतात.) सुरुवात अवकाळी पावसाने.

पण आधी अभ्यास करायची इंजिनीअरिंगची खोड! एल्मोर लेनर्डने 2001 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेले दहा नियम काढले. हवामानाने सुरुवात करू नका. बोलीभाषा जपून वापरा. संवादाला 'म्हणाला'शिवाय दुसरं क्रियापद नको. झालं! पाऊस दुसऱ्या पानावर ढकलला, बायांच्या तोंडी स्वच्छ पुणेरी मराठी घातली आणि फोनवर आईला वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "चांगलं लिहिलं. पण ह्या बाया कोणत्या गावच्या आहेत बाबू?"

लागलं. माझ्या फीसाठी आई स्वतः सातऱ्यावर बसलेली. कथा तिची, आणि तिलाच ओळखू आली नाही.

मग नियम परत वाचले, प्रत्येकाला 'का?' विचारत.

हवामान नको, कारण वाचक माणसं शोधत पानं उलटतो. पण वाळत घातलेली मिरची भिजली की तिचा रंग जातो, भाव उतरतो. आमच्याकडे पाऊस हे वर्णन नाही, घटना आहे. नियम बाद.

बोली जपून, कारण वाचक अडखळेल. भीती रास्त आहे. पण उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (1960) कौतिक वऱ्हाडीच बोलते, निवेदन मात्र प्रमाण मराठीत आहे. वाचक अडखळतो, पण थांबत नाही. मीही तशीच वाटणी केली. "अगं, पाऊस आला, मिरची भिजतेय"चं झालं, "पाणी आलं ना व! मिरची वली होऊन राह्यली!"

'म्हणाली'चा नियम मात्र ठेवला. माझ्या बाया सारख्या 'उद्गारत' आणि 'कळवळत' होत्या. त्यांचं दुःख मला नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून क्रियापदांकडून रडवून घेत होतो. तिथं नियमाने माझीच चोरी पकडली.

ऑफिसात वॉर्निंग न वाचता बंद करणारा फसतो, आणि न वाचता कोड बदलणाराही. कथेचंही तेच म्हणायचं.

नवा ड्राफ्ट आईला अजून वाचून दाखवलेला नाही. आज रविवार, संध्याकाळी फोन करणार आहे. धाकधूक आहे.. असो.