आपल्यात रुळेल का?

लास व्हेगासच्या विमानतळावर झॅपॉस कंपनीची गाडी बाहेरगावच्या उमेदवाराला घ्यायला येई. दिवसभर मुलाखती, ऑफिसची फेरी, मग तीच गाडी परत सोडायला. उमेदवाराला वाटे, झालं सगळं. इकडे भरती करणारा अधिकारी ड्रायव्हरला गाठून विचारी, हा तुमच्याशी कसा वागला? धड वागला नसेल, तर मुलाखती कितीही छान झालेल्या असोत, नोकरी मिळत नसे.

ऑनलाइन बूट विकणाऱ्या या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी शे यांना ही खबरदारी ठेच लागल्यावर सुचली होती. त्यांची आधीची कंपनी, लिंकएक्स्चेंज, १९९६मध्ये मित्रमंडळींच्या जोरावर उभी राहिली. काम वाढलं, मित्र संपले. मग बायोडेटा बघून धडाधड माणसं घेतली. हुशार होती, पण बऱ्याच जणांचा डोळा पैसा कमावून पुढे सटकण्यावर होता. १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २६.५ कोटी डॉलरला घेतली, तोवर शे यांना स्वतःच्याच ऑफिसात जायला नको वाटू लागलं होतं.

वेगाने वाढणाऱ्या छोट्या कंपनीचं दुखणं हेच. दहा माणसांत वागण्याची रीत कुणी लिहून ठेवत नाही. एकमेकांचं बघून ती अंगवळणी पडते. शंभर झाली की नव्याने बघायचं कुणाकडे? शेजारच्या टेबलावरचाही गेल्याच महिन्यात आलेला असतो.

सॅन फ्रान्सिस्कोत ग्राहकांशी फोनवर मनापासून बोलणारी माणसं मिळेनात, म्हणून २००४मध्ये झॅपॉस लास व्हेगासला हलली. नव्वदेक जणांपैकी सत्तरेक जण बिऱ्हाड उचलून बरोबर आले. पुढे कंपनीची मूल्यं काय असावीत हे कर्मचाऱ्यांना विचारून ३७ मुद्द्यांची यादी झाली आणि वर्षभराच्या चर्चेनंतर तिची दहा मूल्यं उरली. भिंतीवर मूल्यं टांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ. झॅपॉसने ती भरतीला जोडली. वकील असो की हिशेबनीस, प्रत्येक नव्या माणसाला चार आठवडे प्रशिक्षण, आणि त्यात ग्राहकांचे फोन घेणं सक्तीचं. याच काळात कंपनी प्रत्येकाला सांगे, झालेल्या दिवसांचा पगार घ्या, वर आणखी पैसे घ्या आणि हवं तर सोडून जा. ही रक्कम १०० डॉलरपासून वाढत २००० डॉलरपर्यंत गेली. फार थोड्यांनी ती घेतली. २००९मध्ये झॅपॉस विकत घेणाऱ्या ॲमेझॉनने पुढे हीच पद्धत आपल्या गोदामांतल्या कामगारांसाठी उचलली.

या पद्धतीत मोलाचं हे की, निवड चुकली तर पैसे कंपनी मोजते आणि निर्णय मात्र माणसाच्या हाती राहतो. आपल्याकडे प्रोबेशन, बाँड, लांबलचक नोटीस पीरियड. सगळा भार नव्यावरच.

पण ‘फिट’, म्हणजे आपल्यात रुळणारा, कोण हे ठरवायचं कुणी? अमेरिकेतल्या बड्या बँका, सल्लागार आणि वकिली कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी २०१२मध्ये मांडला. मुलाखत घेणारे कौशल्याइतकंच, कधी त्याहून अधिक, उमेदवाराचे छंद आणि राहणी आपल्याशी जुळते का हे बघत होते. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं. तिथे तर मुलाखतीची वेळही आली नव्हती. पुण्याच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये ‘पोरगी हुशार आहे, पण आपल्यात रुळणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर लगेच विचारायला हवं, नेमकं काय खटकलं? तिने सहकाऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं, की तिच्या इंग्रजीला गावाकडचा हेल आहे? पहिलं वागणं झालं, दुसरं नुसतं वेगळेपण. घाईघाईच्या भरतीत हा फरक सर्रास पुसला जातो, आणि चांगली माणसं दारातूनच परत जातात.

‘फिट’च्या या प्रश्नातून झॅपॉसही पूर्ण सुटली नाही. २०१५मध्ये शे यांनी मॅनेजर ही पदंच मोडीत काढली. हे मान्य नसलेल्यांना किमान तीन महिन्यांचा पगार घेऊन जाण्याची मुभा दिली. १८ टक्क्यांच्या आसपास लोक गेले. इतक्या पारखून घेतलेल्या कंपनीतून! इथे बदलली होती ती कंपनी, आणि तिने निदान त्याचे पैसे मोजले.