विहीर, गाळा आणि विनोद : सई परांजपे यांच्या ‘दिशा’विषयी

बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात विहीर म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हे. कुटुंब गावात राहणार की ऊसतोडीला अथवा शहराकडे जाणार, याचा निर्णय पुष्कळदा तिच्या तळाशी होतो. या भूमीवरील प्रेक्षकाला सई परांजपे यांचा ‘दिशा’ (१९९०) पाहताना त्यांच्या कारकिर्दीविषयीचे रूढ मत पुन्हा तपासावे लागते.

परांजपे यांना ‘अष्टपैलू’ हे विशेषण सहज लावले जाते. पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्यविद्यालय, दिल्ली दूरदर्शन, ‘जादू का शंख’ (१९७४) हा बालचित्रपट, ‘स्पर्श’ (१९८०), ‘चश्मेबद्दूर’ (१९८१), ‘कथा’ (१९८३), ‘अडोसपडोस’ (१९८४) ही मालिका : माध्यमे बदलत गेली. परंतु समीक्षा पैलू मोजते आणि त्यांना धरून ठेवणारा गाभा विसरते. विनोदाला तर ‘हलकाफुलका’ म्हणून बाजूला सारते.

हा गाभा म्हणजे वाटून घेतलेली जागा. ‘चश्मेबद्दूर’मधील तीन मित्रांची खोली असो वा ‘कथा’मधील चाळ, तेथील दाटीत माणसे एकमेकांना फसवतात, सोसतात आणि सावरतात. दूरदर्शनच्या लहान चौकटीत माणसे जवळजवळ बसवावी लागतात. त्या शिस्तीचा या दृष्टीच्या घडणीत वाटा असावा. विनोद हा येथे सहवासाचाच व्यवहार ठरतो.

‘दिशा’त ही खोली मुंबईतील गिरणी कामगारांचा गाळा होते. हसू थांबत नाही. मात्र त्याची किंमत कळू लागते. इकडे गावात ओम पुरी यांनी साकारलेला परशुराम लोकांची चेष्टा सोसत वर्षानुवर्षे विहीर खणत राहतो. एकीकडे माणसांची दाटी, दुसरीकडे खड्ड्यातील एकाकीपण. दोहोंचे मूळ एकाच कोरड्या जमिनीत आहे.

अखेर परशुरामाला पाणी लागते. दुष्काळी प्रदेशातील प्रेक्षक येथे थबकतो, कारण खणणाऱ्या प्रत्येकाला पाणी लागत नाही, हे त्याने पाहिलेले असते. हा शेवट दिलासा देणारा असेल. पण चित्रपटाचे सत्य त्या पाण्यावर अवलंबून नाही. परशुरामाला हसणारे गावही त्याच तहानेने होरपळलेले आहे, याचे भान दिग्दर्शिकेने सुटू दिलेले नाही. हे भान ज्या विनोदात टिकते, त्याला हलका म्हणणे धाराशिवच्या माळावर तरी कठीण जाते.