माझ्या स्वेटरचा पोळा

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आमच्या सौभाग्यवतींनी मला एक स्वेटर विणून दिला होता. रंग लालभडक, मधूनमधून पिवळे पट्टे. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटे लांब. पण त्या दिवसांत माणूस बाह्या मोजत बसत नाही. पुढे स्वेटर होता तेवढाच राहिला आणि मी वाढलो. तरीही तो मी जपून ठेवला होता. मी पडलो बी.कॉम.! घटत्या किमतीवर कितीही वर्षे घसारा काढा, पुस्तकी किंमत शून्य होत नाही, हे मला पाठ आहे.

बँकेने माझी खापरला बदली केली, तेव्हा स्वेटरही आला. सातपुड्याच्या पायथ्याचे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे गाव. तिथल्या एका श्रावणअखेरीस सौ. म्हणाली, "अहो, शेजारच्या आप्पांच्या बैलांना गोंडे करायचेत. तुमचा तो स्वेटर उसवू का?"

हा प्रश्न नव्हता. तिच्या हातात लोकरीचा गुंडा होता आणि स्वेटरला एकच बाही उरली होती.

आप्पांच्या ओट्यावर आळीतल्या बायकांचा कारखानाच सुरू झाला. झुलीला आत जुन्या लुगड्यांचे दोन थर, वर जरीची विटकी साडी आणि सगळ्यातून गोधडीसारखा धावदोरा. काठ उरले त्यांची झालर. गोंड्यांसाठी लोकर पुठ्ठ्यावर गुंडाळायची, एका टोकाला आवळून बांधायची आणि दुसऱ्या टोकाला कातरायची. माझ्या पाठीचे चार गोंडे झाले, पोटाचे सहा. पोट जास्त भरले, याचे आळीत कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनला २००५ साली माग्दा सायेग नावाच्या बाईने आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचे विणलेले वेष्टण घातले. मग झाडांना, खांबांना स्वेटर चढवण्याची लाट जगभर गेली. मी हे कौतुकाने ओट्यावर सांगितले. एक आजी म्हणाल्या, "मुठीला थंडी वाजते का रे बाबा?" मी गप्प बसलो. बैल निदान मिरवायला तरी जाणार होते.

आदल्या संध्याकाळी आप्पांनी हळद-तूप लावून बैलांचे खांदे मळले. फार वेळ मळले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भाऊसाहेब, पोराच्या ट्रॅक्टरचे कागद तुमच्याच टेबलावर आहेत ना? घाई नाही. पोळा होऊन जाऊ द्या."

मंजुरी साहेबांची असते. पण कागद माझ्या हातून सरकतो. त्या महिन्यात असे तीन कागद मी सरकवले होते आणि हातासरशी काम उरकल्याबद्दल शाबासकीही घेतली होती. घरी येऊन सौ.ला म्हटले, "अगं, हा आप्पांच्या बैलांचा शेवटचा पोळा आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर बाजारचे गोंडे नको म्हटलं."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढून बैल निघाले. शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग, पाठीवर आळीतल्या साऱ्या सासवा-सुनांची लुगडी. बायका बोटे दाखवून आपापला काठ ओळखत होत्या. माझा स्वेटर डुलत डुलत समोरून गेला. मला तो इतका छान कधीच दिसला नव्हता. मी दोन्ही हात जोडले. बैलांना की स्वेटरला, ते अजून ठरायचे आहे.

दिवाळीत ट्रॅक्टर आला. बैल सातपुड्याच्या उतारावर, जिथे ट्रॅक्टर चढत नाही, तिथल्या एका शेतकऱ्याकडे गेले. झूल आप्पांनी त्यांच्याबरोबरच दिली. गोंड्यांचे मात्र कोणी काही बोलले नाही.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास कर्जाच्या तारणाची पाहणी करायला साहेबांबरोबर मी आप्पांच्या अंगणात गेलो. ट्रॅक्टर न्हाऊन, कुंकू लावून उभा होता. दोन्ही आरशांना लाल-पिवळा एकेक गोंडा. डावा उजव्यापेक्षा दोन बोटे लांब!

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"ते तारणात धरू नका, साहेब," मी म्हटले. "ते माझ्या खात्यावरचे आहेत."