पदाच्या आधीचं वाक्य

संगीत नाटकात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी तान म्हणणार नाही आणि वरची पट्टीही म्हणणार नाही. पद सुरू होण्याच्या आधीचं गद्य वाक्य सगळ्यात अवघड. त्या वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत मी बोलत असते आणि पुढच्या श्वासाला गात असते. जगात कुणी असं वागत नाही. आईशी वाद घालता घालता कुठलीही मुलगी तबल्याच्या साथीनं गाऊ लागत नाही. तरीही बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हिचं बोलणं संपलं, आता गाण्यावाचून हिला गत्यंतर नाही. हे साधलं नाही तर नाटक थांबतं आणि मैफल सुरू होते. तीही वाईट मैफल, कारण चांगल्या मैफलीत गाणाऱ्याला नऊवारी सावरत कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

नाट्यशास्त्र शिकत असताना आम्ही राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेसाठी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ बसवलं. शारदा माझ्याकडे आली ती अभिनयाच्या जोरावर नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात रीतसर गाणं शिकलेली मी एकटीच होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली, तंबोऱ्यावर बसायची सवय असलेली मुलगी मिळाली म्हटल्यावर सरांचा निम्मा प्रश्न सुटला, आणि माझ्या नशिबी उरलेला निम्मा आला. ख्याल शिकलेल्या माणसाला ज्या गोष्टींबद्दल शाबासकी मिळते, त्याच इथे नडतात. सूर लागला की डोळे मिटणं, समेवर तबलजीकडे बघून हसणं, हातानं हवेत स्वराचा आकार काढणं. शारदेनं डोळे मिटले तर तिच्या आईचं काय चाललंय ते तिला कसं दिसणार?

‘शारदा’ची गोष्ट शाळेतल्या पुस्तकांमुळे बहुतेकांना माहीत असते. लोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, मध्यस्थी करायला भद्रेश्वर दीक्षित असतो, आणि कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. पहिला प्रयोग १८९९ सालचा. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेले. ‘झुंझारराव’ शेक्सपिअरवरून, ‘मृच्छकटिक’ शूद्रकावरून, ‘संशयकल्लोळ’ फ्रेंच प्रहसनाच्या वळणावरून. ‘शारदा’ मात्र सर्वस्वी त्यांचं स्वतःचं. मला वाटतं म्हणूनच त्यातली माणसं घरातल्यासारखी बोलतात.

सरांनी सुरुवातीला ऑर्गन खोलीतच आणू दिला नाही. पदं बोलायची, गायची नाहीत. चालही मनात आणायची नाही. संहितेत पद छापलेलं असतं कवितेसारखं, ओळी तोडून. ते मी वहीत सलग, संवादासारखं उतरवून काढलं. तेव्हा देवलांचा मोठेपणा कळला. त्यांची पदं गद्य म्हणून बोलली तरी टिकतात. वाक्याचा कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतं, आणि मुलगी आईला जे सांगेल तेच सांगत असते. खाडिलकरांचं एखादं पद असं बोलून पाहा, जीभ अडखळते आणि अर्थ लावायला वहीत अन्वय लिहावा लागतो. ‘मानापमान’ची पदं टेंब्यांच्या चालींनी तरली, हे माझं मत मी कुठेही सांगायला तयार आहे.

बोलून झाल्यावर साक्या आणि दिंड्या आल्या. प्रेक्षक त्यांची आठवण ठेवत नाही, पण नटासाठी त्या पायऱ्या आहेत. दिंडीच्या चरणात १९ मात्रा, ९ वर किंचित थांबायचं आणि पुढच्या १० घ्यायच्या. साकीच्या ओळीत २८, त्या १६ आणि १२ अशा विभागायच्या. आमच्याकडे दोन्ही तबल्याशिवायच म्हणायच्या ठरल्या. ना पूर्ण बोलणं, ना पूर्ण गाणं, अशी ही मधली जागा. पदाकडे जाणारा रस्ता देवलांनीच तिथे बांधून ठेवलाय. हल्ली प्रयोग अडीच-तीन तासांत बसवायचा म्हणून कात्री लागते ती पहिल्यांदा साकी-दिंडीलाच, आणि मग गद्यातून थेट पदात उडी मारावी लागते. आमच्याही प्रयोगात काही गेल्या. निदान आईबरोबरच्या प्रवेशातली एक राहू द्या म्हणून मी हट्ट धरला, आणि ती राहिली.

मग ऑर्गन आला, आणि त्याबरोबर ऑर्गनवाले काका. आयुष्यभर संगीत नाटकांना साथ केलेला माणूस. त्यांना संहिता पाठ, पण ते कधी ओठ हलवत नसत. माझी पट्टी काळी चार. काकांनी एक दिवस मला नुसतं बोलायला लावलं आणि खाली हळूच षड्ज धरून ठेवला. माझं साधं बोलणं त्या षड्जाच्याच आजूबाजूला फिरत होतं. चिडले की गंधार-मध्यमापर्यंत चढत होतं, आर्जव करताना खाली निषादाकडे सरकत होतं. बहुतेक बायकांचा बोलण्याचा सूर याच परिसरात असतो, म्हणून तर ही पट्टी सोयीची. काकांचं म्हणणं असं की पद पंचमावर उठणार असेल तर आधीचं वाक्य चढत जाऊन तिथे पोचू दे. पद षड्जावर उठणार असेल तर वाक्याला दमून खाली येऊ दे. सूर मी शोधायचा नाही. भांडणानं मला तिथे आणून सोडायचं.

ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. कारण सुरावर लक्ष ठेवलं की वाक्य पोकळ होतं. त्याला एक प्रकारचा गोड हेल येतो, आणि जुन्या संगीत नटांची नक्कल करताना लोक जो हेल काढतात तो हाच. वाक्यावर लक्ष ठेवलं की सूर निसटतो. अखेर उपाय सापडला तो श्वासात. शेवटचा शब्द बोलून झाल्यावर जो श्वास घ्यायचा, तो गाणाऱ्या बाईसारखा ऐटीत घ्यायचा नाही. आईनं ऐकलं नाही म्हणून घ्यायचा. म्हणजे आधी आईकडे बघायचं, तिनं मान फिरवली हे दिसू द्यायचं, आणि त्या धक्क्यानं छाती जी भरते त्यावर पदाचा पहिला शब्द ठेवायचा. काका त्या श्वासाकडे कान लावून बसत. मुखडा वाजवायचा नाही, इशारा द्यायचा नाही, माझ्या श्वासाबरोबर सूर उघडायचा. तबला पहिल्या ओळीत गप्प, समेला येऊन मिळायचा.

रडण्याचा प्रश्न वेगळाच. खरं रडू आलं की घसा आवळतो, आवंढा येतो आणि वरचा षड्ज काही केल्या लागत नाही. शारदा तर आईला सांगते आहे की मला या लग्नात ढकलण्यापेक्षा तूच मला संपव. कोरड्या डोळ्यांनी हे कसं म्हणायचं? तालमीत ठरलं ते असं : रडून घ्यायचं ते गद्यात. पदात घसा मोकळा ठेवायचा आणि दुःख व्यंजनांवर सोपवायचं. शब्दाच्या सुरुवातीला ओठ, दात, जीभ जरा जास्त घट्ट मिटवायची. स्वर मात्र उघडा. नऊवारीचाही यात हात असतो. कमरेचा वेढा घट्ट आवळला तर गुडघ्यावर बसून लांब ओळ निघत नाही. नेसवणाऱ्या मावशींपुढे मी पोट फुगवून उभी राहायचे, त्या हसायच्या, पण वेढा सैल राहायचा.

खरं काम पुढे होतं, आणि ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. इंदिराकाकूचं, म्हणजे शारदेच्या आईचं काम माझी वर्गमैत्रीण करत होती. वयानं माझ्याहून लहान. तिनं एके दिवशी सरळ विचारलं, ‘तू गातेस तेव्हा मी काय करू?’ संगीत नाटकातला हा फार जुना आणि फार कमी विचारलेला प्रश्न आहे. पद चार-पाच मिनिटं चालतं. ऐकणारं पात्र तोवर पदराशी चाळा करतं, मधूनच डोळे पुसतं आणि प्रेक्षकांसारखंच पद संपायची वाट बघतं. मी पद शिकले होते जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून. त्यांत गाणारा असतो, ऑर्गन असतो, तबला असतो; आई नसते. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ती मावणार तरी कुठे? ऐकून शिकलेलं पद म्हणूनच कुणालाही उद्देशून नसतं.

सरांनी मैत्रिणीच्या हाती सूप दिलं. लग्नाच्या अक्षतांचे तांदूळ निवडायचे. इंदिराकाकू निर्दय नाही. घरात तिचं चालत नाही, म्हणून तिला मुलीकडे बघवत नाही. आणि मला काम दिलं ते एवढंच : तिचे हात थांबव. त्या दिवसापासून पदाचा नकाशाच बदलला. पहिल्या ओळीत मी तिला विनवते, हात चालूच. दुसऱ्या ओळीत दोष देते, हात अधिक वेगानं चालतात. अंतऱ्याला मी सूप धरते, ती ते ओढून घेते. मी आधी बसवलेल्या दोन हरकती आपोआप गळून पडल्या, कारण त्या घ्यायला शारदेला सवडच नव्हती. एक छोटी तान मात्र राहिली. शब्द संपले आणि आई अजून थांबली नाही, तिथे ती आली. शेवटच्या आवर्तनात समेवर तिचे हात थांबायचे. काही तालमींत ते थांबायचे नाहीत. ‘आज पटलं नाही,’ असं ती नंतर सांगायची, आणि सर तिचीच बाजू घ्यायचे. गाणं चांगलं झालं की नाही हे ठरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण तांदूळ निवडता निवडता ते ठरवणारी ही पहिलीच.

ही भूमिका लिहिली गेली तेव्हा ती करणारे मुलगे होते. बालगंधर्वही त्यात आले. किर्लोस्कर मंडळीत त्यांना तालीम होती ती खुद्द देवलांची. म्हणजे शारदेचं लाजणं, चालणं, पदर घेणं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या अंगांनी बसवत आणलेलं. जुने रसिक आजही त्या लकबी शोधतात. तालमीला आलेल्या एका आजोबांनी मला मान वेळावायला सुचवलं. मी मान हलवून हो म्हटलं आणि वेळावली नाही. आजच्या मुलीनं शारदा करायची तर तिला बाईपण सिद्ध करायचं नसतं, तेवढी तरी उसंत तिनं घ्यावी.

हे नाटक आता जुनं झालं, असं कुणीतरी म्हणतंच. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि तो या नाटकावरून आला असं अनेकांना वाटतं. तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ होतं. आज ते १८ आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सरांनी हा आकडा तालमीच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवला होता. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

राहता राहिला वन्स मोअर. संगीत नाटकाचा प्रेक्षक पदावर खूश झाला की ते पुन्हा मागतो, आणि द्यायची रीत आहे. मी त्या रीतीच्या विरोधात नाही. याच नाटकात शारदेच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात ते पद दोनदा झालं तर दुप्पट मजा येते. मुली तरी एकदाच चिडवून कुठे थांबतात? पण आईपुढच्या पदाला वन्स मोअर आला तर करायचं काय, यावर आमच्यात बराच वाद झाला. काका म्हणाले, मायबाप मागतात, नाही कसं म्हणायचं. सर म्हणाले, हात थांबलेत, आता ती पुन्हा तांदूळ निवडायला लागणार का? मैत्रिणीनं निकाल दिला : मी लागणार नाही.

प्रयोगात टाळ्या आल्या आणि मागच्या रांगांतून हाकही आली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या गुडघ्यांवरून डोकं उचललं नाही. त्यांनी नुसता षड्ज धरून ठेवला, हाका विरल्या आणि मैत्रिणीनं पुढचं वाक्य घेतलं. नंतर रंगपटात एक गृहस्थ येऊन म्हणाले की तुम्ही रसिकांचा हिरमोड केलात. केला असेल. त्यांचा गाण्यावरचा लोभ खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही.

‘शारदा’ तुमच्या गावात लागलं तर जरूर जा. हौशी मंडळी अजूनही ते करतात, आणि त्यांना भरलेलं नाट्यगृह हवं असतं. मैत्रिणींच्या पदाला हवे तितके वन्स मोअर द्या. आईपुढचं पद मात्र तिला एकदाच गाऊ द्या, आणि ते चालू असताना अधूनमधून आईकडेही बघा.