पोळीशी ब्रेकअप

‘‘पंधरा दिवस पोळी सोडून बघ. फरक नाही पडला तर मला येऊन सांग.’’

हा सल्ला मला कुठल्या डॉक्टरनं नाही, जिममधल्या ट्रेनरनं दिला होता. आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला! सकाळी ऑफिसला निघताना आरामात लागणारं जीन्सचं बटण संध्याकाळी सहाला जीव घ्यायचं, ते बंद झालं. दर महिन्याला तोंड यायचं, ते थांबलं. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवणं हे माझं रोजचं टार्गेट होतं, तेही सोपं झालं. मग काय, मी गव्हाशी रीतसर ब्रेकअप करून टाकला. डब्यात भाकरी, नाश्त्याला पोहे. कॅन्टीनमध्ये कुणी सामोसा पुढे केला की, ‘‘मी ग्लुटेन-फ्री आहे,’’ असं जरा मान वर करूनच सांगायचे.

आठ-नऊ महिने मस्त गेले. मग ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं आणि हिमोग्लोबिन आलं ९.८. हे माझं जुनं दुखणं. कॉलेजपासून आयर्नच्या गोळ्या खातेय. ‘मुलींना असतंच’ या वाक्यावर दहा वर्षं काढली होती. या वेळी भेटलेल्या डॉक्टरांना मात्र ते वाक्य पटलं नाही. इतकं आयर्न पोटात जातंय, तर ते मुरत का नाही? त्यांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट लिहून दिली. सिलिअ‍ॅक आजारासाठी.

रिपोर्ट नॉर्मल! मी त्या रात्री मैत्रिणींना आइस्क्रीमची पार्टी दिली.

पुढच्या आठवड्यात पोटाच्या स्पेशालिस्टकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ही टेस्ट केलीत तेव्हा तुम्ही गहू खात होतात का?’’

‘‘नाही. कधीच सोडला.’’

‘‘मग या रिपोर्टला अर्थ नाही.’’

मी बघतच राहिले. त्यांनी शांतपणे समजावलं. ग्लुटेन म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणकेला चिवटपणा येतो तो यामुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीराला हे ग्लुटेन शत्रू वाटतं आणि त्या लढाईत शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करतं. हे अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक लव असलेलं. अन्नातलं सत्त्व शोषायचं काम या लवेचं. ती झिजून सपाट झाली की टॉवेलचा होतो पंचा. मग आयर्नच्या गोळ्या कितीही गिळा!

पण गहू बंद केला की लढाई थंडावते. रक्तातल्या अँटिबॉडीज हळूहळू उतरतात, अस्तर भरून यायला लागतं. टेस्ट शोधणार ती याच खुणा. त्याच पुसल्या गेल्यावर रिपोर्ट नॉर्मल येणार नाही तर काय! छप्पर कुठे गळतंय ते ऑक्टोबरच्या उन्हात शोधायला जाण्यासारखं हे.

‘‘मग जीन टेस्ट करू या?’’ मी स्मार्टपणे विचारलं. नेटवर वाचून गेले होते ना! तीही अर्धीच उपयोगाची निघाली. सिलिअ‍ॅकशी संबंधित ती जनुकं नसतील तर आजार जवळपास नाहीच असं म्हणता येतं. पण असली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती साधारण तीनातल्या एका माणसात असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही.

थोडक्यात, मला पुन्हा गहू खावा लागणार होता. रोज दोन-तीन पोळ्या किंवा चार स्लाइस ब्रेड, सहा आठवडे. मगच रक्त, मगच एंडोस्कोपी.

‘‘डॉक्टर, मला बरं वाटतंय. आजाराला नाव नसलं तर काय बिघडलं?’’

यावरचं त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे. सिलिअ‍ॅक नसेल तर तुम्ही उगाच जन्मभर पुरणपोळीला मुकणार आणि खरं कारण तसंच राहणार. गव्हातल्या एका वेगळ्याच घटकानंही पोट फुगतं, गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते, आणखीही काही असू शकतं. आणि सिलिअ‍ॅक असेल, तर तुम्ही जे करताय ते पुरेसं नाही.

पुरेसं नाही? मी? मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. फोडणीत कुठला हिंग? डबीवर लिहिलंय ते वाचलंत? बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. चायनीजमधला सोया सॉस? गव्हाचा. शुक्रवारची बीअर? बार्ली. आणि ज्वारी दळून कुठे आणता? गिरणीत आधी कुणाचे गहू दळले होते, विचारलंत? मी गार! ज्याला मी ब्रेकअप म्हणत होते, ते चोरून भेटणं चालूच होतं.

पहिला आठवडा झकास गेला. आईनं गरम पोळी-तूप वाढलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात वेगळ्या कारणानं आलं. पोट पुन्हा फुटबॉल, डोकं जड. एका क्लायंट प्रेझेंटेशनच्या आधीचा अर्धा तास मी वॉशरूममध्ये काढला. बॉसला काय सांगणार? ‘सर, सध्या डॉक्टरांनी पोळ्या खायला सांगितल्यात’?

पण सहा आठवड्यांनी टीटीजी चांगलंच वर गेलं होतं. सोबत एकूण आयजीएही तपासलं, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी फसवं येऊ शकतं. मग एंडोस्कोपी. गुंगीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच कण काढले. रिपोर्टमध्ये लव सपाट. सिलिअ‍ॅक.

विचित्र वाटेल, पण मला हलकं वाटलं. मी नाटकी नव्हते, आळशी नव्हते. माझ्या दमण्याला नाव होतं.

तरी या गोष्टीतली खरी पेशंट मी नव्हतेच.

रिपोर्ट देताना डॉक्टर म्हणाले, ‘‘आई-वडील आणि भावाची टेस्ट करून घ्या. पेशंटच्या इतक्या जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो.’’ आई उडालीच. ‘‘अगं, चोपन्न वर्षं पोळ्या खातेय मी. मला काय होणार? आणि हे सगळं उत्तरेकडच्या लोकांना होतं म्हणे.’’ तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. उत्तर भारतात हे प्रमाण साधारण शंभरात एक आहे आणि दक्षिणेत बरंच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही.

मी तिला आठवण करून दिली. आयर्नच्या गोळ्या आमच्या घरात माझ्याआधी तिच्याच होत्या. आदल्या वर्षी ती ओट्याशी जराशी घसरली, तर मनगट मोडलं. ‘वयाचं आहे’ म्हणून आम्ही प्लॅस्टर घालून मोकळे झालो. हाडांना कॅल्शियम पोचतच नसेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिचं पोट तर कधीच दुखलं नव्हतं.

बाबा आणि भाऊ नॉर्मल. आईचं टीटीजी माझ्यापेक्षाही जास्त. पुढे बायोप्सीनंही तेच सांगितलं. हाडांची तपासणी केली तर तीही ठिसूळ निघाली.

अनेकदा मनात येतं, मी ट्रेनरच्या सल्ल्यावरच खूश राहिले असते तर? मी भाकरी खात मजेत असते आणि आई रोज सकाळी उठून आम्हा सगळ्यांची कणीक मळत, गोळ्या गिळत, पुढच्या फ्रॅक्चरची वाट बघत असती. ट्रेनरचा अंदाज बरोबर होता. पण अंदाजावर आईची टेस्ट झाली नसती.

आता घरात घरघंटी आलीय. ज्वारी, बाजरी, नाचणी सगळं घरीच दळतो. हिंग बिनपिठाचा. आणि चीट डे वगैरे नाही, औषध हेच असल्यामुळे त्याला सुट्टी नसते. वर्षभरात माझं हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. आईच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत, पण आता त्या लागू पडतात.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, पोळीशी ब्रेकअप करायचा असेल तर खुशाल करा. फक्त त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. पोळी खाणं चालू असतानाच!